मिलीमोल आणि मायक्रोमोल

आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो जिवंत माशाचा नसतो. पाण्यातून नुकत्या काढलेल्या समुद्री माशाला जवळजवळ वासच नसतो. त्याच्या स्नायूंत ट्रायमिथाइलअमाइन एन-ऑक्साइड मुरलेलं असतं. हा पदार्थ पांढरा, स्फटिकी, पाण्यात झटकन विरघळणारा आणि पूर्णपणे बिनवासाचा. मासा मेला की जिवाणू कामाला लागतात. प्राणवायू संपत आला की त्यांतले कित्येक जण या रेणूतला एकुलता एक ऑक्सिजन काढून घेतात आणि त्यावर श्वास चालवतात. मागे उरतं ते ट्रायमिथाइलअमाइन. त्याचा उत्कलनबिंदू ३ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे खोलीत ते वायूच असतं, आणि नाकाला त्याचा अंशही पुरतो. लिंबू पिळल्यावर वास बसतो, कारण आम्लातला प्रोटॉन त्या अमाइनला चिकटतो आणि प्रभार आलेला रेणू हवेत उडत नाही. कॉडच्या कुळातल्या माशांमध्ये तर गोठवल्यावरही सुटका नाही. तिथे माशाचंच एक एन्झाइम या ऑक्साइडचे तुकडे करून डायमिथाइलअमाइन आणि फॉर्मल्डिहाइड तयार करतं. वास येत नाही, पण फॉर्मल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांशी शिवून टाकतं आणि मांस चामट होतं.

नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे ऑक्साइडला टीएमएओ आणि अमाइनला टीएमए म्हणू. दोघांत फरक एका ऑक्सिजनचा.

या रेणूवर काम करणारे दोन गट आहेत आणि त्यांचं एकमेकांकडे येणंजाणं फारसं नाही. एक गट प्रथिनांच्या घडीचा अभ्यास करतो, म्हणजे प्रथिनाची लांब साखळी दुमडून कामाचा आकार कसा घेते याचा. त्यांच्या लेखी टीएमएओ म्हणजे प्रथिनं सावरून धरणारा भला रेणू. दुसरा गट हृदयविकाराचा. त्यांच्या लेखी तो रक्तात वाढलेला दिसला की कपाळावर आठी पडावी असा. दोघेही बाटली मात्र एकच मागवतात. हा रेणू चांगला की वाईट, असा वाद जेव्हा जेव्हा रंगतो तेव्हा तेव्हा एक आकडा गाळलेला असतो. कुठे, किती संहतीला, म्हणजे लिटरभरात किती? लिटरमागे एक मोल म्हणजे १ मोलर, त्याचा हजारावा भाग मिलीमोलर, दशलक्षावा मायक्रोमोलर. एकाचे निष्कर्ष मिलीमोलरमधले आणि दुसऱ्याचे मायक्रोमोलरमधले. मध्ये हजारपटीचं नुसतं एकक आहे आणि प्रत्यक्ष अंतर त्याहून बरंच मोठं.

आधी मिलीमोलरवाल्यांकडे जाऊ. शार्क आणि पाकट (रे) यांच्या अंगात युरिया भरपूर असतो, साधारण ४०० मिलीमोलर. समुद्राच्या पाण्याशी परासरणाचा तोल राखायला, म्हणजे खारट समुद्राने अंगातलं पाणी ओढून घेऊ नये म्हणून, तो त्यांनी साठवलेला असतो. पण युरिया प्रथिनांची घडी उलगडतो. एवढा युरिया अंगात घेऊन शार्क पोहतो कसा? १९७९ मध्ये पॉल यान्सी आणि जॉर्ज सोमेरो यांनी दाखवून दिलं की त्याच पेशींत मिथाइलअमाइनं असतात, त्यांत मुख्य टीएमएओ, आणि ती युरियाचा परिणाम खोडून काढतात. प्रमाण ठरलेलं: दोन भाग युरियाला एक भाग मिथाइलअमाइन. ४०० ला २००.

हे दोनास एक कुठून आलं, याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वात देखणं गणित वाटतं. प्रथिनाचा कणा म्हणजे एकापाठोपाठ एक पेप्टाइड बंध. असा एक बंध साध्या पाण्यातून टीएमएओच्या १ मोलर द्रावणात हलवायला किती ऊर्जा लागते, ते वेन बोलन यांच्या प्रयोगशाळेने काढलं: मोलमागे सुमारे +९० कॅलरी. चिन्ह अधिक, म्हणजे कण्याला ते द्रावण नकोसं वाटतं. युरियासाठी तोच आकडा सुमारे −३९. त्यात कणा खुशीने उतरतो. घडी उलगडली की कणा उघडा पडतो. उघडं पडण्याची किंमत टीएमएओ वाढवतं आणि युरिया कमी करतो. आता २ मोलर युरिया: −७८. १ मोलर टीएमएओ: +९०. बेरीज जवळजवळ शून्यावर येते. शार्कला हे कोणी शिकवलं नाही, पण त्याच्या स्नायूत तोच तोल सापडतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. टीएमएओ प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि त्याला आधार देतं, असं पुष्कळदा लिहिलेलं दिसतं. होतं जवळजवळ उलटं. ते प्रथिनाच्या पृष्ठभागापासून दूर राहतं. तिथे पाण्याचे रेणू जास्त आणि टीएमएओचे कमी. मग प्रथिनाला आपला पृष्ठभाग आकसून घेण्यातच फायदा असतो, आणि आकसणं म्हणजे घडी. कण्याला लटकलेल्या काही बाजूसाखळ्या टीएमएओशी सलगी करतात, त्यामुळे बोलन यांच्या हिशेबातही त्या थोडी ऊर्जा उलगडलेल्या बाजूला परत देतात. पण कण्याचे बंध इतके की शेवटी त्याचंच चालतं. पाण्याची रचना बदलते की पृष्ठभागावर काही निराळं घडतं, यावर रेणूपातळीचा वाद अजून चालू आहे. प्रयोग करणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही.

अडतं ते बाटलीपाशी. टीएमएओ बहुधा डायहायड्रेट स्वरूपात मिळतं, म्हणजे प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन. निर्जल रूपाचं मोलर वस्तुमान ७५.११ आणि डायहायड्रेटचं १११.१४. लेबल न वाचता ७५.११ ग्रॅम डायहायड्रेट तोलून लिटरभर द्रावण केलं तर ते १ मोलर होत नाही, ०.६८ होतं. पुढचा सगळा आलेख तिसऱ्या हिश्शाने चुकतो आणि तरीही छान गुळगुळीत दिसतो. ही चूक पकडणं त्यामुळेच कठीण. निर्जल रूप घेतलं तर दुसरी अडचण, ते हवेतली ओल ओढतं. उघडी बाटली तराजूशेजारी राहिली की ते निर्जल उरत नाही. डायहायड्रेटच घ्यावं, निदान त्यातलं पाणी मोजलेलं असतं.

शार्कचा हा तोल नळीत तपासायचा तर टीएमएओ आणि युरिया यांचे स्टॉक, म्हणजे साठ्याची दाट द्रावणं, आधी लागतात. टीएमएओचा १०० मिलिलिटर, ४ मोलर स्टॉक करायचा तर ४४.४६ ग्रॅम डायहायड्रेट लागतं. त्यातलं १४.४ ग्रॅम पाणीच आहे. म्हणून बीकरमध्ये सुरुवातीला ४५ मिलिलिटरच पाणी घ्यावं. सवयीने ८० घेतलं तर विरघळल्यावर आकारमान शंभराच्या पुढे जातं आणि ते परत आणता येत नाही. विरघळलं की पीएच बघा. शुद्ध टीएमएओचं द्रावण किंचित अल्कधर्मी असतं. ७ वर आणायला १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे जेमतेम २ मिलिलिटर पुरायला हवेत. त्याहून बरंच जास्त लागलं तर समजा की आत टीएमए आहे. नाकही तेच सांगेल. शुद्ध स्टॉकला मासळीचा वास यायचं काही कारण नाही. इतक्या दाट द्रावणात पीएचचा आकडा रेंगाळत बदलतो, तो स्थिर होऊ द्यावा.

आता शुद्धता. बऱ्याच खेपांच्या मालात २८० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषणारी आणि स्वतःच चमकणारी मळी असते. प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश पाडल्यावर प्रथिनातून उमटणारी चमक, मोजणाऱ्याला ही मळी फार नडते, कारण ती टीएमएओच्या संहतीबरोबर वाढत जाते आणि प्रथिनाचाच बदल असल्यासारखी दिसते. १०० मिलिलिटरला ग्रॅमभर सक्रिय कोळसा टाकून अर्धा तास ढवळा, मग गाळा, शेवटी ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून. कोळशाचे कण मागे राहिले तर प्रकाश विखुरतो, म्हणून गाळण्याचा कंटाळा करू नये. त्यानंतर पाणी संदर्भाला ठेवून २८० वर शोषण मोजा आणि प्रथिन न घालता प्रतिदीप्तीही बघून घ्या. कोळसा आणि गाळणी यांत आकारमान थोडं इकडेतिकडे होतं, तेव्हा संहती पुन्हा पक्की करायला हवी. तोलून केलेल्या चार-पाच द्रावणांचा अपवर्तनांक मोजून स्वतःचा आलेख काढून ठेवावा आणि प्रत्येक नवा स्टॉक त्यावर बसवून बघावा.

युरियाचा स्टॉक १० मोलर, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ६०.०६ ग्रॅम. विरघळताना तो भांडं गार करतो आणि हात आपोआप हीटरकडे जातो. कोमट पाण्याची वाटी पुरे. तापवला की युरियातून सायनेट सुटतं, ते प्रथिनाच्या अमिनो गटांना चिकटतं आणि प्रभार बदलतो. मग तुम्ही मोजता ते भलतंच प्रथिन. ज्या दिवशी वापरायचा त्याच दिवशी करावा आणि तोही अपवर्तनांकावरून तपासावा.

प्रथिन कुठलं घ्यावं? हाताशी असलेलं रायबोन्यूक्लिएज ए उचलण्याचा मोह होतो, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे चमकणारं अमिनो आम्ल एकही नाही, त्यामुळे ट्रिप्टोफॅनच्या प्रतिदीप्तीवर बेतलेला प्रयोग तिथेच आटोपतो. रायबोन्यूक्लिएज टी१ मध्ये एकच आहे, ५९ व्या जागी, आत दडलेलं आणि ३२० नॅनोमीटरच्या आसपास चमकणारं. घडी उलगडली की ती चमक झपकन उतरते. दोन रांगा लावा, एक टीएमएओशिवाय आणि एक १ मोलर टीएमएओमध्ये. प्रत्येक नळीत एकूण १ मिलिलिटर. दुसऱ्या रांगेत टीएमएओचा स्टॉक २५० मायक्रोलिटर, वीसपट दाट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ५०, प्रथिन ५०, आणि उरलेल्या ६५० मध्ये युरिया आणि पाणी यांचं बदलतं प्रमाण. त्यामुळे युरिया ६.५ मोलरपर्यंत नेता येतो. पहिल्या रांगेत टीएमएओच्या जागी पाणी. ही द्रावणं दाट असतात. पिपेटच्या टोकाला आतून थर धरतात आणि नेहमीच्या वेगाने सोडलं तर मायक्रोलिटर मागे राहतात. सावकाश ओढा, सावकाश सोडा, आणि दोन-तीन नळ्या तराजूवर ठेवून खातरजमा करा.

मग थांबायचं. टी१ मध्ये दोन प्रोलीन बंध असे आहेत की घडी परत बसताना ते फिरायला वेळ घेतात, आणि टीएमएओमध्ये उलगडणं आणखी रेंगाळतं. तासाभरात मोजलं तर टीएमएओच्या रांगेत प्रथिन फार टिकाऊ दिसतं. खरं तर ते अजून उलगडायचंच असतं. २५ अंशांवर रात्रभर ठेवावं. आणि परीक्षा उलट्या बाजूनेही घ्यावी. काही प्रथिन आधी दाट युरियात पूर्ण उलगडून घ्यायचं, मग पातळ करून त्याच अंतिम संहतीला आणायचं. दोन्ही वाटांनी आलेले बिंदू एकमेकांवर पडले तरच तो समतोल. न पडलेल्या बिंदूंतून मुक्त ऊर्जा काढणं म्हणजे नुसतं कागद भरणं.

पीएचकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. टीएमएओला प्रोटॉन चिकटतो त्याचं पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉनधारी असतात तो आकडा, सुमारे ४.६५. म्हणजे पीएच ७ ला १ मोलर द्रावणात फक्त साडेचार मिलीमोलर रेणू प्रोटॉनधारी. पीएच ६ ला ४३ मिलीमोलर. पीएच ५ ला तीनशेच्या वर! तुमचं बिचारं २० मिलीमोलर बफर त्यापुढे काय करणार? पीएच तेव्हा टीएमएओच ठरवतं. आणि प्रोटॉन घेतलेला टीएमएओ हा धनप्रभारित, निराळ्या स्वभावाचा रेणू आहे. २००५ मध्ये दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियामधल्या फैझान अहमद यांच्या गटाने दाखवलं की पीकेएच्या खाली टीएमएओ प्रथिनांना सावरत नाही, उलट अस्थिर करतं. आम्लधर्मी बफरात हा पदार्थ घालून तो कुचकामी ठरवणारे प्रयोग वाचताना पीएचची ओळ आधी शोधावी.

सावरून धरणं म्हणजे भलंच, हेही खरं नाही. पृष्ठभाग आकसायला लावणारा पदार्थ दोन प्रथिनांना एकमेकांना बिलगायलाही लावतो, कारण बिलगल्यानेही उघडा पृष्ठभाग कमी होतो. म्हणून मूळची सैल प्रथिनं टीएमएओमध्ये गुठळ्या करू शकतात. मेंदूतलं अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन त्यातलंच. प्रयोगात नळी गढूळ झाली तर माल खराब असेल म्हणून फेकण्याआधी टीएमएओ निम्मं करून बघा.

समुद्राच्या तळाशी हेच गणित जीवनाची सीमा आखतं. दाबानेही प्रथिनं उसवतात, आणि खोल पाण्यातल्या माशांच्या स्नायूंत टीएमएओ खोलीबरोबर वाढत जातं. २०१४ मध्ये यान्सी आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडजवळच्या कर्माडेक गर्तेत ७,००० मीटरवरून पकडलेल्या स्नेलफिशमध्ये टीएमएओ मोजलं: किलोमागे ३८६ मिलीमोल. उथळ पाण्यातल्या हाडाच्या माशाचं अंग समुद्राहून कितीतरी अळणी असतं. या माशाचं जवळजवळ समुद्राइतकं दाट झालेलं होतं. आणखी खाली जायचं तर आणखी टीएमएओ, आणि मग पाणी आत ओढलं जाऊ लागणार. रेषा पुढे वाढवून त्यांनी हद्द सांगितली, सुमारे ८,२०० मीटर. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर एका स्नेलफिशचं चित्रण झालं. त्याहून खोल मासा अजून कॅमेऱ्यात आलेला नाही.

आता मायक्रोमोलर.

माणसाच्या शरीरात टीएमएओ दोन वाटांनी येतं. समुद्री मासा खाल्ला तर ते तयारच मिळतं. दुसरी वाट लांबची: अंडी, मांस, दूध यांतलं कोलीन आणि तांबड्या मांसातलं कार्निटिन आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत पोचतं, ते त्यातून टीएमए तोडून काढतात, टीएमए रक्तावाटे यकृतात जातं आणि तिथे एफएमओ३ नावाचं एन्झाइम त्याला ऑक्सिजन जोडून देतं. मूत्रपिंडं ते लघवीत टाकतात. कोलीन तोडणारी कटसी-कटडी ही जिवाणूंची एन्झाइमजोडी २०१२ मध्ये उजेडात आली. ती ऑक्सिजनला इतकी भिते की हवा लागताच निकामी होते. उघड्या टेबलावर तिचं काम तपासायला गेलं तर काहीच हाती लागत नाही.

उपाशीपोटी रक्तद्रवात टीएमएओ किती? २०१३ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकमधल्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने हृदयाची अँजिओग्राफी करून घेणाऱ्या ४,००७ रुग्णांचं मोजमाप प्रसिद्ध केलं. मध्यक ३.७ मायक्रोमोलर. शार्कच्या २०० मिलीमोलरपुढे हे ५० हजारांतला एक हिस्सा. वरचंच गणित इथे लावू. रक्तात ५ मायक्रोमोलर धरू. एका पेप्टाइड बंधामागे ९० गुणिले ०.०००००५, म्हणजे ०.०००४५ कॅलरी. शंभर बंधांचं प्रथिन सगळंच्या सगळं उघडं पडलं तरी ०.०४५. शरीराच्या तापमानाला रेणूंची नुसती थरथर मोलमागे ६०० कॅलरींच्या वर असते. घडी आणि उलगड यांच्या समतोलात पडणारा फरक दहा हजारांत एकाहून कमी. डायलिसिसवरच्या रुग्णात टीएमएओ विसपट झालं तरी हा फरक कुणाच्या उपकरणाला दिसणार नाही. तेव्हा मासे खाऊन तुमची प्रथिनं मजबूत होतील असं सांगणारा लेख आणि रक्तातलं टीएमएओ प्रथिनांच्या घड्या बिघडवतं असं सांगणारा लेख, दोन्ही या एका गुणाकाराने निकालात निघतात.

याचा अर्थ रक्तातलं टीएमएओ निरुपद्रवी असा मात्र होत नाही. मायक्रोमोलर पातळीवर काही घडवायचं तर विशिष्ट प्रथिनावर विशिष्ट जागी बसावं लागेल, औषध बसतं तसं. तसे दावे आहेत. २०१६ मध्ये हेझन यांच्याच गटाने टीएमएओमुळे रक्तबिंबिका (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट) जास्त चिडतात असं दाखवलं आणि २०१९ मध्ये पर्क या पेशींतल्या ताणाच्या संवेदकाला ते चिकटतं असं एक काम आलं. ही यंत्रणा शार्कच्या यंत्रणेहून सर्वस्वी वेगळी. दोन्हींना एकाच वाक्यात जोडलं की तिथेच घोळ होतो.

त्या ४,००७ रुग्णांकडे परत येऊ. तीन वर्षांच्या पाठपुराव्यात टीएमएओच्या वरच्या चौथाईतल्यांना मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांचा धोका खालच्या चौथाईच्या २.५४ पट दिसला. त्याच कामाचा दुसरा भाग मला अधिक भक्कम वाटतो. निरोगी माणसांना दोन उकडलेली अंडी आणि ड्युटेरियमची (जड हायड्रोजनची) खूण केलेलं फॉस्फॅटिडिलकोलीन, म्हणजे कोलीन बांधलेला स्निग्ध पदार्थ, दिलं. खुणेचं टीएमएओ रक्तात उमटलं. आठवडाभर मेट्रोनिडॅझोल आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविकं देऊन तेच पुन्हा केलं, तेव्हा ते जवळजवळ नाहीसं झालं. औषधं थांबवून काही आठवडे गेल्यावर परत आलं. आतड्यातले जिवाणू हेच उगम, यात मग शंका उरत नाही.

कारण-परिणामाची शंका मात्र उरते आणि तिची मुळं दोन. एक मासा. २०१७ मध्ये ४० तरुणांवरच्या प्रयोगात मासा खाल्ल्यावर टीएमएओ अंडी किंवा गोमांसाच्या जवळजवळ ५० पट चढलं, तेही पाव तासात, जिवाणूंची वाट न बघता. मासा खाणाऱ्यांची हृदयं त्या मानाने धडधाकट असतात. दुसरं मूळ मूत्रपिंड. ते थकलं की टीएमएओ साचतं, आणि मूत्रपिंडाचा विकार स्वतःच हृदयाला धोकादायक. मग वाढलेलं टीएमएओ हा आजार करणारा की आजाराची पाटी? २०१९ मध्ये जनुकीय फरकांच्या आधारे केलेल्या एका विश्लेषणाला टीएमएओ हृदयविकार घडवतं याचा पुरावा मिळाला नाही. उलट दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार टीएमएओ वाढवतात असं दिसलं. माझा कल आज पाटीकडे आहे, पण रक्तबिंबिकांचं काम सहज बाजूला सारता येत नाही.

उंदरांचे निकाल वाचताना नर की मादी ते आधी बघावं. नर उंदरात टेस्टोस्टेरॉन एफएमओ३ दाबून टाकतं, म्हणून मादीत टीएमएओ कितीतरी जास्त. माणसांत स्त्री-पुरुषांत असा मोठा फरक नाही. आणि कोलीन म्हणजे एकच गोष्ट नव्हे. २०१७ च्या छोट्या प्रयोगात रोज ४५० मिलिग्रॅम कोलीन गोळ्यांतून दोन महिने घेतल्यावर टीएमएओ दहापटीच्या वर गेलं. २०२१ मध्ये मूत्रपिंडं ठीक असलेल्यांनी महिनाभर रोज चार अंडी खाल्ली आणि उपाशीपोटीचं टीएमएओ हललं नाही. अंड्यातलं कोलीन फॉस्फॅटिडिलकोलीनमध्ये बांधलेलं असतं आणि बरंचसं जिवाणूंपर्यंत पोचण्याआधीच लहान आतड्यात शोषलं जातं. गोळीतलं मोकळं असतं. कोलीन शरीराला लागतंच, ते फारच कमी पडलं तर यकृतात चरबी साठते. टीएमएओच्या धास्तीने अंडी सोडणाऱ्याने आधी शेल्फवरची गोळ्यांची बाटली बघावी.

मोजायचं कसं? इडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्त, रात्रभर उपाशी, आणि आदले दोन दिवस मासा नाही. ही शेवटची अट विसरली तर ३ चा आकडा ६० दिसू शकतो आणि माणूस उगाच धास्तावतो. २० मायक्रोलिटर रक्तद्रवात ८० मायक्रोलिटर मिथेनॉल, त्यात नऊ ड्युटेरियमचं टीएमएओ अंतर्गत मानक म्हणून, म्हणजे तुलनेसाठी माहीत असलेल्या प्रमाणात. मिनिटभर घुसळा, २०,००० जी वेगाने ४ अंशांवर दहा मिनिटं फिरवा, वरचं निवळ द्रव स्तंभातून वेगळं करत वस्तुमान वर्णमापकाला (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला) द्या. टीएमएओचं वस्तुमान ७६ वरून ५८ ला उतरताना दिसतं, म्हणजे १८ एककांचं पाणी सोडतं. खुणेचं मानक ८५ वरून ६६ ला, म्हणजे १९, कारण त्या पाण्यात एक ड्युटेरियम जातो. रक्तातलं बीटेन हे दुसरं संयुगही ११८ वरून ५८ चाच तुकडा देतं, म्हणून स्तंभावर दोघांच्या वेळा वेगळ्या आहेत ना ते आधी पाहून घ्यावं. आणि प्रमाण द्रावण करताना तीच जुनी चूक पुन्हा वाट बघत असते. डायहायड्रेटला निर्जल समजलात तर तुमचं १० मायक्रोमोलरचं मानक प्रत्यक्षात ६.८ चं असतं, आणि प्रत्येक रुग्णाचा आकडा दीडपट चढून येतो. ४.५ चा माणूस कागदावर ६.७ चा होतो, आणि त्या ४,००७ जणांत सर्वात वरची चौथाई ६.२ च्या जवळच सुरू होत होती.

टीएमए मोजायचं तर कसरत वाढते, कारण ते उडून जातं. एफएमओ३ चं जनुक बिघडलेल्यांना ट्रायमिथाइलअमिन्युरिया होतो. टीएमएचं टीएमएओ होत नाही, ते घामातून, श्वासातून बाहेर पडतं आणि अंगाला मासळीचा वास येतो. निदान लघवीतल्या दोघांच्या प्रमाणावर. निरोगी माणसात नव्वद टक्क्यांच्या वर टीएमएओ असतं. लघवी लगेच आम्लधर्मी केली नाही तर टीएमए हवेत जातं आणि आजारी माणूस कागदावर निरोगी ठरतो. ती बराच वेळ उबेत पडून राहिली, किंवा मूत्रमार्गात जंतुसंसर्ग असला, तर जिवाणू टीएमएओचं टीएमए करतात आणि निरोगी माणूस आजारी ठरतो. संसर्गाची तपासणी सोबत करावी आणि नमुना आम्ल घालून गोठवावा. उपचारात ५.५ ते ६.५ पीएचचा साबण सुचवतात. लिंबाचंच तत्त्व, प्रोटॉन चिकटला की उडणं थांबतं.

पेशींच्या तबकात टीएमएओ घालणाऱ्यांसाठी अखेरीस एक गोष्ट. रक्तातला परिणाम शोधायचा असेल तर १ ते १०० मायक्रोमोलर, आणि त्यातही शंभर हा डायलिसिसचा आकडा. प्रथिनांच्या घडीवरचा परिणाम हवा असेल तर मायक्रोमोलरमध्ये काहीच मिळणार नाही, ५० ते १०० मिलीमोलरपर्यंत जावं लागेल. तिथे पेशी आधी पाण्याच्या ओढीनेच आकसतात. म्हणून शेजारी एक नियंत्रण तबक हवं, ज्यात ५० मिलीमोलर टीएमएओच्या बदल्यात २५ मिलीमोलर मीठ असेल. मिठाचे दोन आयन होतात, म्हणून निम्मं. दोन्ही तबकांत पेशी सारख्याच वागल्या तर टीएमएओने काही केलं नाही, पाण्याने केलं.